विश्लेषण : ‘पाच सिग्मा’शिवाय नव्या कणाचा शोध जाहीर का होत नाही?

डिसेंबर २०१५ मध्ये जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेतून एक बातमी आली. प्रोटॉनच्या टकरींतून निघणाऱ्या फोटॉनच्या जोड्या मोजताना ‘अ‍ॅटलस’ आणि ‘सीएमएस’ या दोन्ही प्रयोगांच्या आलेखांत ७५० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास उंचवटा दिसला. हा नवा कण असेल या आशेने शेकडो शोधनिबंध लिहिले गेले. ऑगस्ट २०१६ मध्ये अधिक डेटा समोर आला आणि उंचवटा नाहीसा झाला. तो निव्वळ योगायोग होता.

सिग्मा काय सांगतो?

फोटॉनच्या जोड्या ओळखीच्या प्रक्रियांतूनही निघतात आणि त्यांची संख्या कमीजास्त होत राहते. नवा कण नाहीच असे गृहीत धरले, तर इतका किंवा याहून मोठा उंचवटा योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, हे सिग्मावरून कळते. तीन सिग्माला ती साधारण ७४० मध्ये एक, तर पाच सिग्माला सुमारे ३५ लाखांत एक असते.

तीन सिग्मा पुरेसे का नाहीत?

नाणे दहा वेळा उडवून दहाही वेळा छापा पडण्याची शक्यता १०२४ मध्ये एक. पण हजार जणांनी तसे केले, तर कोणाला तरी दहा छापे पडण्याची शक्यता निम्म्याहून अधिक. आलेखातही शेकडो जागी शोध घेतला की कुठेतरी उंचवटा सापडतोच. ‘अ‍ॅटलस’चा उंचवटा त्या एका जागी साडेतीन सिग्माहून मोठा होता, शोधलेला सगळा पट्टा हिशेबात धरताच तो दोनच्या आसपास उतरला.

मग पाच सिग्मा म्हणजे खात्री?

तसेही नाही. ३५ लाखांत एक ही ‘शोध चुकीचा असण्याची शक्यता’ नव्हे. २०११ मध्ये इटलीतील ‘ऑपेरा’ प्रयोगात न्यूट्रिनो प्रकाशाहून वेगवान भासले, तेही सहा सिग्माने. दोष निघाला मुख्यतः ऑप्टिकल फायबर केबलच्या सैल जोडणीत! संख्याशास्त्र योगायोगाला पकडते, सैल केबलला नाही. हिग्ज बोसॉनवर ४ जुलै २०१२ रोजी विश्वास बसला, तो दोन प्रयोगांनी स्वतंत्रपणे सुमारे पाच सिग्मा गाठल्यामुळे.

उंचवटा विरला, ही नामुष्की नव्हती. दोन्ही प्रयोगांनी त्याला ‘शोध’ म्हटलेच नव्हते. कसोटीने आपले काम केले. भारत २०१७ पासून ‘सर्न’चा सहयोगी सदस्य आहे, म्हणजे यात आपलाही पैसा आहे. तेव्हा ‘नव्या कणाचे संकेत’ असा मथळा दिसला की विचारावे : किती जागी शोधून किती सिग्मा, आणि दुसऱ्या प्रयोगाचे काय?