स्टेपनीची जागा पाठीवरच

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर गाडी घालणाऱ्यांत एक वाद काही केल्या मिटत नाही: पूर्ण मापाची स्टेपनी ठेवायची कुठे? कुणी टपावर म्हणतो, कुणी चासीखाली, कुणी सीटमागे. कारणं सगळ्यांकडे आहेत, पण ती दारात उभ्या असलेल्या गाडीची. चाक फाटतं ते चिखलात, उतारावर, दिवस मावळताना. जागा ठरवायची ती तिथे उभं राहून.

टपवाल्यांचं म्हणणं, मागचा दरवाजा हलका राहतो आणि आत सामान मावतं. कबूल. पण थारचं २५५/६५ आर १८ मापाचं चाक रिमसकट तीस किलोच्या घरात जातं. १७०० किलोच्या गाडीचा गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर धरा आणि हे वजन दोन मीटरवर चढवा. तो दोन सेंटिमीटरहून जास्त वर सरकतो. आडव्या उतारावर कललेल्या गाडीला तेवढंही महाग पडतं. शिवाय तीस किलोचं ओलं चाक डोक्यावरून एकट्यानं उतरवून पाहा!

चासीखालची जागा गुरुत्वमध्याच्या हिशेबात बिनतोड. मीही तेच म्हणायचो. मग एका श्रावणात भातखाचराच्या कडेला मागचं चाक फाटलं. स्टेपनी साखळीला टांगलेली. बंपरच्या भोकातून दांडा घालून फिरवला की खाली येणारी. भोकात लाल माती दगडासारखी बसली होती. टॉमीच्या टोकानं ती कोरण्यात अर्धा तास गेला. साखळी सैल झाली, पण गाडीच चिखलात बसलेली, त्यामुळे चाक पोटाखालून निघेना. शेवटी हातांनी माती उकरून ते ओढून काढलं.

आत ठेवलेलं चाक माणसांची जागा खातं आणि नीट आवळलं नसेल तर गाडी उलटताना त्यांच्याच अंगावर येतं. जुन्या लँड रोव्हरच्या बॉनेटवर स्टेपनी शोभायची. पण इंजिन बघायचं तर दरवेळी तिच्यासकट बॉनेट उचला!

राहिली पाठ. मागचं दिसत नाही, बिजागऱ्या झिजतात, पुढच्या चाकांवरचा भार घटतो, हे आक्षेप खोटे नाहीत. पण थारच्या २४५० मिलिमीटर व्हीलबेसवर हिशेब मांडला तर घट दहा-अकरा किलोंची. मागचं बघायला कॅमेरा बसवता येतो. बिजागऱ्यांचं दुखणं मात्र खरं, विशेषतः कंपनीच्या मापाहून मोठे टायर चढवल्यावर. त्यावर इलाज आहे: भार दरवाजावर न टाकता चासीला पक्क्या जोडलेल्या मागच्या बंपरवर, बाजूला उघडणाऱ्या कॅरियरवर टाकायचा. कंपनीचंच माप असेल तर मूळ दरवाजा पुरतो. नट आणि बिजागऱ्या तेवढ्या तपासत राहा.

पाठीवरचं चाक कमरेच्या उंचीवर असतं, डोळ्यांसमोर असतं, नट काढले की हातात येतं. पटत नसेल, तर पुढच्या पावसात भर चिखलात, एकट्यानं, आपली स्टेपनी एकदा काढून बघा.