गोव्याचे धर्मसंघ आणि सरकार एकच कसे?



रविवारच्या पुरवणीत जुन्या गोव्यावरच्या लेखासोबत सेंट ऑगस्टिन चर्चच्या पडक्या मनोऱ्याचा मोठा फोटो आहे, आणि लेखात मिशनरी व पोर्तुगीज सरकार एकच होते, असे ठामपणे म्हटले आहे. मनोरा पडका का, याबद्दल मात्र अवाक्षर नाही. पोर्तुगालने १८३४ मध्ये पुरुषांचे सगळे धर्मसंघ हुकूम काढून बरखास्त केले. पुढच्याच वर्षी गोव्यातले मठ रिकामे झाले. बेवारस पडलेल्या या चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले, १९३१ मध्ये मनोऱ्याचा बराच भाग गेला. म्हणजे लेखाचे म्हणणे खोडून काढणारा पुरावा लेखाच्याच डोक्यावर छापला आहे!

त्याआधी १७५९ मध्ये पोर्तुगीज राजाचा मंत्री पोंबाल याने येशूसंघीयांना (जेझुइटांना) पोर्तुगालच्या साऱ्या मुलखांतून हाकलले. गोव्यात त्यांना अटक झाली, मालमत्ता जप्त झाली, मग जहाजात घालून त्यांना लिस्बनला धाडले. जुन्या गोव्याचे बॉम जीझस चर्च त्यांनीच उभारलेले. तेही सोडावे लागले. बिशप राजा निवडे, धर्मसंघांना पैसा तिजोरीतून मिळे, हे खरेच आहे. इन्क्विझिशनच्या (चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) छळाचेही समर्थन होऊ शकत नाही. पण ज्याला सरकार हवे तेव्हा पोसते आणि नको तेव्हा देशोधडीला लावते, त्याला सरकार म्हणायचे?

इंग्रजांनीही तेच केले. १७२० मध्ये मुंबईतून फ्रान्सिस्कन धर्मसंघाच्या पोर्तुगीजांना घालवून त्यांच्या जागी कार्मेलाइट धर्मसंघाचे लोक आणले. पहिल्या महायुद्धात तर सेंट झेवियर्स कॉलेज चालवणारे जर्मन येशूसंघीय शत्रुराष्ट्राचे ठरले. त्यांना स्थानबद्ध करून परत पाठवले.

शिवाय सगळे धर्मसंघ एकाच माळेचे मणी नव्हते. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने स्थानिकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला, तो फ्रान्सिस्कनांच्या आग्रहावरून. त्यांना दोष द्यायचा तर जरूर द्या, नाव घेऊन द्या. पण त्याच गोव्यात, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स या येशूसंघीयाचे ‘क्रिस्तपुराण’ राचोलला छापले गेले. सुमारे ११ हजार मराठी ओव्या! या ग्रंथासाठी लेखात एक ओळही नसावी, आणि तीही मराठी वृत्तपत्रात, याचा मला फार संताप आला आहे. पुढच्या पुरवणीत ही उणीव भरून काढावी.

— एक वाचक, वसई