एक रचना, दोन वादक



पियानो म्हणजे बड्या लोकांच्या दिवाणखान्यातली वस्तू, असे आपल्याला वाटते. पट्ट्या मात्र आपल्या पेटीसारख्याच. फक्त आत हवेऐवजी तारांवर हातोड्या पडतात. हंगेरीच्या फ्रांझ लिस्टचा पहिला पियानो कंचेर्टो १८५५ साली वायमारला प्रथम वाजला. जेमतेम वीस मिनिटांची रचना. तिच्या दोन ध्वनिमुद्रिका शेजारी शेजारी ठेवून ऐकाव्यात.

पहिली स्व्यातोस्लाव रिख्टरची, लंडन, १९६१. याच्या वडिलांना १९४१ साली सोव्हिएत सत्तेने गोळ्या घातल्या. हात जड, पण पुरता ताब्यात. संथ भागात तो जराही घाई करीत नाही. वस्ती निजल्यावर कुणी हळू बोलावे तसे सूर येतात.

दुसरी आंद्रे वॉट्सची, १९६३ ची. वडील अमेरिकन सैन्यातले काळे शिपाई, आई हंगेरियन. पियानोचे पहिले धडे आईचेच. त्या जानेवारीत न्यूयॉर्कला ठरलेला वादक ग्लेन गूल्ड आजारी पडला आणि संगीत संचालक बर्नस्टाईनने ऐनवेळी या सोळा वर्षांच्या पोराला बसवले. पहिल्या फटक्यापासून तो उसळतो.

वॉट्स आपल्यासारखा, म्हणून त्याला दोन गुण जास्त द्यायचे का? मी देत नाही. दयेचे गुण आपल्या मुलांना नकोत, तसे त्यालाही नकोत. संथ भाग रिख्टरचाच. तिसऱ्या भागात त्रिकोणी घंटी किणकिणते (तिच्यावर त्या काळचे टीकाकार हसले होते), तिथे दोघे बरोबरीत. शेवटची कूच मात्र वॉट्सची. ती लागली की आमच्या घरातली लहान मुले पाय आपटू लागतात. रिख्टरच्या वेळी ती गप्प बसून ऐकतात.