गाळलेला शब्द आणि सुटलेला संदर्भ

'गाळलेल्या जागी योग्य शब्द भरा' हा प्रश्न मराठीच्या प्रश्नपत्रिकेत इतका रूढ झाला आहे की, त्याचे प्रयोजन काय, याचा विचार करण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली आहे. शालेय परीक्षांपासून स्पर्धा परीक्षांपर्यंत त्यास स्थान आहे आणि त्याच्या तयारीचा रुळलेला मार्ग म्हणजे समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करणे. हा मार्ग गुण मिळवून देत असेल. भाषा मिळवून देत नाही.

एक साधे उदाहरण घ्यावे. 'रात्रभर पाऊस कोसळला, पहाटे तळ्याचा बांध — आणि उभे पीक वाहून गेले.' तुटला, मोडला, फाटला, फुटला हे पर्याय यादी घोकणाऱ्याच्या लेखी एकाच कुळातले. परंतु मराठीत दोरी तुटते, काठी मोडते, कापड फाटते आणि काच फुटते. तळ्याचा बांधही फुटतोच. हा भेद ऐकण्यावाचण्यानेच अंगवळणी पडतो. दुसरे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. 'मुलाचे बोलणे ऐकून म्हातारा — राहिला. मात्र त्याच्या कपाळावरची शीर तटतटली होती.' येथे 'शांत' आणि 'निवांत' हे शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही गैरलागू ठरतात. 'गप्प' हाच शब्द हवा. त्याचा निवाडा रिकाम्या जागेपाशी नव्हे, तर तिच्यापुढे, 'मात्र' या शब्दापाशी होतो. जो तेथवर वाचत नाही, त्याचे उत्तर बरोबर आले तरी तो योगायोगच होय.

शब्दकोशाचे महत्त्व यामुळे उणावत नाही. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती आणि दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड हे मराठीचे वैभवच आहे. पण कोश अर्थ पुरवितो, निवड करीत नाही. नदीचे पात्र, नाटकातील पात्र, तांब्याचे पात्र आणि अनुदानास पात्र यांतील नेमका अर्थ वाक्यच सांगते. ही जाण नसलेला विद्यार्थी उद्या नागरिक म्हणून कर्जाची नोटीस किंवा विम्याची अट वाचतो, तेव्हा गमावलेल्या दोन गुणांपेक्षा कितीतरी मोठी किंमत त्यास मोजावी लागते.

यास केवळ विद्यार्थ्यास जबाबदार धरणे अन्यायाचे होईल. सुटे वाक्य देऊन चार पर्यायांतून एक खूण करावयास सांगणारी प्रश्नपत्रिकाच संदर्भाकडे पाठ फिरविते. सुट्या वाक्याऐवजी पाचसहा ओळींचा उतारा द्यावा आणि निवडलेल्या शब्दाचे कारण एका ओळीत लिहावयास सांगावे. दोन शब्द शोभत असतील, तर दोहोंस गुण द्यावेत. तपासणीचे काम वाढेल, हा आक्षेप खरा आहे. पण तपासणाऱ्याची सोय हे भाषाशिक्षणाचे उद्दिष्ट असू शकत नाही.

या पद्धतीच्या इतिहासात आणखी एक बोध दडलेला आहे. १९५३ साली अमेरिकेतील विल्सन टेलर यांनी उताऱ्यातील ठराविक अंतरावरचे शब्द गाळून ते वाचकांकडून भरून घेण्याची रीत मांडली, ती वाचकाची परीक्षा घेण्यासाठी नव्हे, तर मजकूर किती सुबोध आहे हे मोजण्यासाठी. वाचकास शब्द सुचत नसेल, तर दोष लिहिणाराचाही असू शकतो, हे त्यामागील सूत्र. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ चा. २०२० मध्ये शाळांतून मराठी सक्तीची करणारा कायदा झाला आणि २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. आता सरकारी परिपत्रकांतील दर पाचवा शब्द गाळून ती सामान्य शेतकऱ्यापुढे ठेवावीत. त्या परीक्षेत कोण अनुत्तीर्ण होते, हे पाहण्याचे धैर्य शासनाने दाखविले, तर विद्यार्थ्यांना नापास करण्याचा अधिकार त्यास अधिक शोभेल.