फेरीत एक प्रश्न विचारा

पुण्यात इतिहास ऐकायला माणसं जमतात, ही काही आजची गोष्ट नाही. वसंत व्याख्यानमाला सुरू झाली १८७५ मध्ये, न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने. १९१० मध्ये वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. तिथल्या सभांमध्ये जुना कागद वाचून दाखवायचा, त्यावर टिपण सादर करायचं आणि मग समोरच्यांनी हरकती घ्यायच्या, अशी रीत पडली. पुराव्याशिवाय बोलणाऱ्याची त्या वातावरणात धडगत नसे. मराठीतल्या इतिहासलेखनाला जी शिस्त लागली, त्यात या सभांचा वाटा फार मोठा आहे.

आता हा श्रोता सभागृहातून उठून रस्त्यावर आला आहे. रविवारी सकाळी सातच्या सुमाराला शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर एकाच वेळी दोन-तीन ‘हेरिटेज वॉक’चे घोळके उभे दिसतात. गळ्यात लहानसा स्पीकर अडकवलेला तरुण किंवा तरुणी, भोवती वीस-पंचवीस माणसं. त्यांत नोकरीसाठी पुण्यात आलेले असतात, नुकतेच निवृत्त झालेले असतात आणि कोथरूड-सिंहगड रस्त्यावर वाढलेली, पण कसब्यात कधी पाऊल न टाकलेली पुणेकर मुलंही असतात. मला हे मनापासून आवडतं. शहर पायांनी कळतं. कसबा गणपतीपासून तांबडी जोगेश्वरीपर्यंत चालत गेलेल्या माणसाला जुनं पुणं केवढं होतं याचा अदमास येतो, तो नकाशा बघून येत नाही. हौसेने आणि बऱ्याचदा तोट्यात हे वॉक चालवणाऱ्या तरुणांचे या शहरावर उपकार आहेत.

म्हणूनच त्यांच्याकडे एक मागणं आहे. सभागृहातून रस्त्यावर येताना पुरावा मागे राहून गेला, तो बरोबर घ्या.

शनिवारवाड्याचंच बघा. पहिल्या बाजीरावाने ही जागा का निवडली? वॉकमध्ये हमखास सांगतात की इथे एक ससा कुत्र्याच्या मागे धावताना दिसला आणि ही भूमी पराक्रमाची आहे हे बाजीरावाने ओळखलं. गोष्ट छान आहे, पण हीच गोष्ट अहमदाबादला अहमदशाहाच्या नावाने सांगतात आणि हंपीला विजयनगरच्या संस्थापकांच्या नावाने सांगतात. ऐकणाऱ्याला हे कळलं तर गोष्टीची गोडी कमी होत नाही, उलट वाढते. राजधान्या वसवणाऱ्यांबद्दल लोक कुठेही एकाच धाटणीची कथा रचतात, हे केवढं मोठं ज्ञान आहे! आणि त्याच जागेवर उभं राहून हेही सांगता येतं की पायाभरणी १० जानेवारी १७३० ला झाली, खर्च १६,११० रुपये नोंदला गेला आणि १८२८ च्या आगीत आतला वाडा जळून तट, दरवाजे आणि जोती तेवढी उरली. आख्यायिका आणि नोंद शेजारी-शेजारी ठेवली की ऐकणारा शहाणा होतो. दोन्ही एकाच सुरात सांगितलं की त्याला सगळंच खरं वाटतं, नाहीतर सगळंच खोटं.

नारायणरावाच्या खुनाचं याहून वाईट झालं आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, जेमतेम अठरा वर्षांचा पेशवा स्वतःच्या वाड्यात गारद्यांकडून मारला गेला. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि त्याच्या काकावर, रघुनाथरावावर ठपका ठेवला. राज्यकर्त्याला न्यायाधीशाने दोषी म्हणण्याचा हा प्रसंग आपल्या इतिहासात दुर्मीळ आहे. पण वॉकमध्ये वेळ जातो तो ‘ध चा मा’मध्ये आणि अमावास्येला ऐकू येणाऱ्या ‘काका मला वाचवा’मध्ये. रघुनाथरावाच्या बायकोने, आनंदीबाईने अक्षर बदललेला तो कागद आजवर कोणी दाखवलेला नाही. एका बाईच्या माथी अडीचशे वर्षं हा आरोप आहे आणि दर रविवारी तो नव्या पंचवीस माणसांपुढे ठामपणे उच्चारला जातो. पेशव्याला वाचवायला आडवा पडून जीव दिलेल्या चापाजी टिळेकराचं नाव मात्र मी वॉकमध्ये क्वचितच ऐकलं आहे. किंकाळीपेक्षा त्या सेवकाची हकीगत सांगा, मुलं नक्की गप्प बसून ऐकतील.

लाल महालातही तेच. शायिस्तेखानावरचा ५ एप्रिल १६६३ च्या रात्रीचा छापा ही पक्की घटना आहे. पण आज उभा असलेला लाल महाल महापालिकेने १९८० च्या दशकात बांधलेला आहे. हे न सांगितल्यामुळे लहान मुलं त्या भिंतीला भक्तिभावाने हात लावतात आणि आईबापही लावतात. शिवाजी महाराजांवरचं प्रेम खरं सांगितल्याने कमी होईल, अशी भीती बाळगणं हा त्या प्रेमाचाच अपमान आहे.

दुसरं मागणं वाटेबद्दल आहे. बहुतेक वॉक वाड्यांवरून वाड्यांवर जातात: शनिवारवाडा, नाना वाडा, विश्रामबाग वाडा, मध्ये तुळशीबाग. पेशवे आणि त्यांचे कारभारी एवढंच जुनं पुणं होतं की काय, असं वाटावं. मला विचाराल तर या शहराची सगळ्यांत चांगली फेरी पाण्याची होईल.

अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला आंबील ओढ्यावर बंधारे घालून तलाव केला गेला आणि तिथून जमिनीखालून दगडी-विटांचा नळ शहरात आणला. अंतर साधारण आठ किलोमीटर, आणि सगळं काम उताराच्या जोरावर. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले, म्हणजे आतली हवा बाहेर पडावी आणि माणसाला उतरून गाळ काढता यावा. शहरात हे पाणी हौदांतून मिळे: काळा हौद, बदामी हौद, सदाशिव पेठेतला हौद, नाना हौद. काही हौदांची आता फक्त नावं चौकांना उरली आहेत. काही उच्छ्वास मात्र अजून उभे आहेत, कुठे दुकानाच्या पाठीमागे, कुठे पार्क केलेल्या स्कूटरच्या गर्दीत. पाणी कुठून आलं, हा नळ कोणी खणला, गवंडी कोण होते, चढउतार मोजला कसा, असे प्रश्न तिथे उभं राहिलं की आपोआप तोंडात येतात. आणि त्याच्या मागोमाग यायलाच हवा तो प्रश्न: या हौदावर घागर बुडवायची मुभा कोणाला होती आणि कोणाला नव्हती?

त्या प्रश्नाचं उत्तर गंज पेठेत मिळतं. आजची ती महात्मा फुले पेठ. तिथल्या आपल्या घरातला पाण्याचा हौद जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. फुले वाड्यात जोतीरावांची समाधी आहे, तो वाडा संरक्षित आहे, तरी वॉकच्या सगळ्या घोळक्यांची पावलं तिकडे वळत नाहीत. ‘रूट’मध्ये बसत नाही, लांब पडतं, असं सांगतात. शनिवारवाड्यापासून फुले वाड्यापर्यंत रमतगमत गेलं तरी पाऊण तासाच्या आत माणूस पोहोचतो. आणि वाटेत दोन थांबे असे लागतात की त्यांच्यासाठी वेगळी सकाळ काढावी.

एक, बुधवार पेठेतली भिडे वाड्याची जागा. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा इथे सुरू केली. डिसेंबर २०२३ मध्ये मोडकळीला आलेला वाडा स्मारकासाठी पाडण्यात आला. दगडूशेठ गणपतीच्या समोरच ही जागा आहे. रोज हजारो माणसं तिच्याकडे पाठ करून हात जोडतात. त्यांना मागे वळून बघायला सांगणं, एवढं काम एखाद्या गाईडने केलं तरी पुरे.

दुसरा थांबा मंडई. अष्टकोनी मनोऱ्याची ही दगडी इमारत १८८६ मध्ये खुली झाली, तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे याचं नाव होतं. जोतीराव पुणे नगरपालिकेचे नेमलेले सदस्य होते आणि बाजाराच्या इमारतीवर एवढा पैसा घालण्याला त्यांनी विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. पुढे त्याच मंडईला महात्मा फुल्यांचं नाव दिलं गेलं. ज्याने विरोध नोंदवला त्याचं नाव त्या वास्तूला मिळालं, हा शहराने त्याला दिलेला मान आहे. पण त्याचा विरोध विसरून गेलो तर तो मान अर्धाच राहतो. भाजीच्या पिशव्या घेऊन निघालेल्या पुणेकराला या दोन्ही गोष्टी ठाऊक असाव्यात, असं मला फार वाटतं.

कसब्यातली तांबट आळी हा थांबा मात्र काही जण आवर्जून घेतात, त्यांचं कौतुक केलं पाहिजे. मागच्या थंडीत तिथे एका घोळक्याबरोबर मी उभा होतो. कारागीर घंगाळ घडवत बसला होता. लोखंडी आधारावर भांडं फिरवत, हातोडीचा एकेक ठोका आधीच्या ठोक्याला चिकटून, तळाच्या मध्यापासून काठाकडे गोल गोल ओळी. याला मठारकाम म्हणतात. ठोक्यांनी तांबं घट्ट होतं आणि भांड्याला ती चमकती नक्षीही मिळते. गाईड बोलायचं थांबला आणि कारागिराला म्हणाला, ‘दादा, तुम्हीच सांगा.’ मग दहा मिनिटं त्या माणसाने बंब कसा जोडतात, पत्रा पूर्वी कसा मिळायचा, मुलं या धंद्यात का येत नाहीत, सगळं सांगितलं. एवढ्या पेशवाईच्या गोष्टी ऐकून झाल्या होत्या, पण सकाळभरात पहिल्यांदाच लोकांनी वही काढली. ज्याच्या आळीत आपण उभे आहोत त्याला बोलू देणं हा चांगल्या वॉकचा कस आहे. आणि निघताना घोळक्यातल्या तिघा-चौघांनी त्याच्याकडून भांडी विकत घेतली, हेही तितकंच महत्त्वाचं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. उरलेल्या वाड्यांत माणसं राहतात. सकाळी दात घासत उभ्या असलेल्या आजोबांच्या डोक्यावरून मोबाइल उंचावून चौकाचे फोटो काढणं, दिंडी दरवाजा ढकलून आत शिरणं, हे बंद झालं पाहिजे. आधी जाऊन विचारावं, ठरवून न्यावं, नको म्हणाले तर पुढे चालावं.

महापालिकेने काय करावं, याचा नमुना शेजारीच आहे. अहमदाबाद महापालिकेने १९९७ मध्ये स्वतःचा हेरिटेज वॉक सुरू केला. काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघून पोळांमधून, चबुतऱ्यांखालून जात जामा मशिदीपाशी तो संपतो. २०१७ मध्ये युनेस्कोने अहमदाबादला भारतातलं पहिलं जागतिक वारसा शहर ठरवलं. त्यामागे या रोजच्या चालण्याने लोकांत रुजलेली आस्था होती, असं मी मानतो. पुण्यालाही उच्छ्वासांवर आणि हौदांच्या जागी नीट माहितीचे फलक लावणं, ते मजकूर मंडळातल्या आणि पुरालेखागारातल्या जाणत्यांकडून तपासून घेणं अवघड नाही. पेशवे दफ्तराचे मोडीतले कोट्यवधी कागद याच शहरात आहेत. गो. स. सरदेसायांनी १९३० च्या दशकात त्यातून निवडून ४५ खंड छापले. इतका पुरावा हाताशी असलेल्या शहराने भुतांच्या गोष्टींवर भागवावं, हे मला पटत नाही.

तेव्हा येत्या रविवारी वॉकला जाणार असाल तर अवश्य जा, आणि एकदा तरी नम्रपणे विचारा, ‘हे कशावरून सांगता?’ चांगल्या गाईडला हा प्रश्न आवडतो. तो पुस्तकाचं नाव सांगेल किंवा ‘ही आख्यायिका आहे’ असं मोकळेपणी म्हणेल. आणि तुमचं घर पेठेत असेल, वाडा पुनर्विकासाला जाणार असेल, तर माळ्यावरची ट्रंक रद्दीवाल्याला देण्याआधी उघडून बघा. भाड्याच्या पावत्या, मोडीतली खतं, हौदावरच्या पाण्याच्या वादाचा अर्ज, लग्नातल्या फोटोमागे दिसणारा चौक, यातलं काहीही निघू शकतं. राजवाडे असे कागद गोळा करत गावोगाव हिंडले. तुम्हाला फक्त सदाशिव पेठेतल्या मंडळापर्यंत जायचं आहे.