मल्लखांबाचे गुण नेमके कोण ठरवतं? फिगर स्केटिंगच्या वादातून महाराष्ट्राला काय शिकता येईल?

धावण्याच्या शर्यतीत पहिलं कोण आलं, हे घड्याळ सांगतं. लांब उडीत टेप सांगते. मल्लखांब, जिम्नॅस्टिक्स, योगासन किंवा आर्टिस्टिक स्केटिंगमध्ये मात्र निकाल टेबलामागे बसलेली माणसं लावतात. खेळाडू मिनिट-दीड मिनिटात आपला संच पूर्ण करतो, पंच आकडा लिहितात आणि गुणांच्या अगदी छोट्या फरकानं कुणी पुढच्या फेरीत जातं, तर कुणी घरी परततं.

हा आकडा किती खरा असतो? तो चुकला तर दाद कुठे मागायची? बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूरसारख्या तालुक्यातून आलेल्या खेळाडूसाठी हे प्रश्न जास्तच महत्त्वाचे आहेत.

एका गुणानं एवढं काय बिघडतं?

महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांमध्ये गुणवान खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पदाच्या गटानुसार राज्य, राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवरची कामगिरी दाखवावी लागते. दहावी-बारावीच्या परीक्षेतही खेळाडूंना स्पर्धेच्या पातळीनुसार जास्तीत जास्त २५ सवलतीचे गुण मिळू शकतात.

त्यामुळे तिसरा क्रमांक आणि चौथा क्रमांक यांच्यातलं अंतर फक्त पदकापुरतं राहत नाही. ग्रामीण भागातल्या एखाद्या मुलीसाठी ते पोलीस भरती किंवा तलाठी भरतीच्या अर्जातल्या एका रकान्याचं अंतर असतं. तो रकाना भरता आला तर स्पर्धा सोपी होते, नाही तर हजारो उमेदवारांच्या रांगेत उभं राहावं लागतं.

या प्रमाणपत्रांना किती किंमत आहे, हे गैरप्रकारांवरूनही कळतं. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांची बनावट प्रमाणपत्रं वापरून नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणं राज्यात उघडकीला आली आहेत. बनावट कागद पडताळणीत पकडता येतो. पण खऱ्या स्पर्धेत दिलेला चुकीचा गुण कोणत्याही पडताळणीत सापडत नाही.

मल्लखांबच का?

मल्लखांब हा महाराष्ट्राच्या मातीतला खेळ. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला आजचं रूप दिलं, असं मानलं जातं. पुरलेला, टांगता आणि दोरीचा हे त्याचे तीन प्रमुख प्रकार. विदर्भाचं या खेळाशी जुनं नातं आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं होतं.

गेल्या काही वर्षांत या खेळाचं रूप बदललं. आखाड्यातलं प्रात्यक्षिक मागे पडून पदकांची स्पर्धा पुढे आली. २०१९ मध्ये मुंबईत पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली. जून २०२२ मध्ये पंचकुलाला झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत मल्लखांब आला, त्याच वर्षी गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही. मुंबईचे प्रशिक्षक गणेश देवरुखकर यांना २०२३ चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, तर उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री. शेजारच्या मध्य प्रदेशनं तर २०१३ मध्येच मल्लखांबाला राज्याचा खेळ घोषित केलं.

संग्रामपूर तालुका सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून आहे. इथल्या शाळकरी खेळाडूची वाट जिल्हा, अमरावती विभाग आणि मग राज्य अशी जाते. प्रत्येक टप्प्यावर नवे पंच आणि मोठ्या शहरांतले नावाजलेले संघ समोर असतात.

फिगर स्केटिंगमध्ये काय घडलं होतं?

गुण देणाऱ्या खेळांतली सगळ्यात मोठी उलथापालथ बर्फावरच्या फिगर स्केटिंगमध्ये झाली. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिम्पिकमध्ये जोडी प्रकारात रशियाच्या बेरेझ्नाया-सिखारुलिद्झे जोडीला सुवर्ण मिळालं. कॅनडाच्या साले-पेलेटिए जोडीनं निर्दोष सादरीकरण करूनही ती दुसरी आली. नऊ पंचांचा कौल ५ विरुद्ध ४ असा होता. त्यानंतर फ्रान्सच्या पंच मारी-रेन ल गून यांनी आपल्यावर दबाव असल्याचं सांगितलं आणि पुढे ते विधान मागेही घेतलं.

शेवटी कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावं लागलं. ल गून आणि फ्रान्सच्या स्केटिंग महासंघाचे अध्यक्ष यांना तीन वर्षांसाठी निलंबित करण्यात आलं.

तोपर्यंत या खेळात ६ पैकी गुण दिले जात. ५.८ की ५.९, एवढंच प्रेक्षकांना दिसायचं. ते का दिले, हे कुणालाच कळत नसे. या वादानंतर आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियननं ती पद्धतच मोडीत काढली आणि २००४ मध्ये नवी पद्धत स्वीकारली.

नवी पद्धत कशी चालते?

यात तीन कामं वेगवेगळी केली आहेत.

पहिलं काम तांत्रिक पथकाचं. खेळाडूनं कोणती उडी मारली, हवेत किती गिरक्या पूर्ण झाल्या, हे पथक ठरवतं. शंका आली तर व्हिडिओ पुन्हा पाहिला जातो. प्रत्येक उडीची आणि गिरकीची मूळ किंमत आधीच तक्त्यात छापलेली असते.

दुसरं काम पंचांचं. ती उडी किती सफाईनं झाली, यासाठी ते उणे ५ ते अधिक ५ अशी श्रेणी देतात. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी श्रेणी वगळून उरलेल्यांची सरासरी काढतात.

तिसरा भाग एकूण सादरीकरणाचा. त्यात रचना, सादरीकरण आणि स्केटिंग कौशल्यं असे तीन घटक आहेत. स्केटिंग कौशल्यं म्हणजे पात्याच्या धारेवरचा ताबा, वेग, वळणांतली सहजता. मल्लखांबात पकड, तोल आणि एका अढीतून दुसऱ्या कसरतीत जाण्याची लय पाहतात, तसंच हे. या गोष्टी नुसत्या मोजून येत नाहीत. पाहणाऱ्याचा डोळा तयार असावा लागतो, आणि आवडीनिवडीला सगळ्यात जास्त वावही इथेच मिळतो.

पंचांची नावं लपवली, तर पक्षपात थांबतो का?

२००२ नंतर आणखी एक बदल झाला. कोणता गुण कोणत्या पंचानं दिला, हे गुप्त ठेवलं गेलं. पंचावर त्याच्या देशाच्या महासंघाचा दबाव येऊ नये, हा हेतू होता.

परिणाम मात्र उलटा झाला. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजचे अर्थतज्ज्ञ एरिक झिट्झेविट्झ यांनी या बदलाआधीच्या आणि नंतरच्या गुणांची तुलना केली. आपल्याच देशाचा पंच असल्याचा खेळाडूला होणारा फायदा सुधारणांनंतर कमी झाला नव्हता, उलट किंचित वाढला होता. नावं झाकल्यामुळे सौदे करणाऱ्यांची अडचण झाली नाही, बाहेरून लक्ष ठेवणाऱ्यांची झाली. अखेर २०१६ मध्ये ही गुप्तता रद्द करण्यात आली.

जाणूनबुजून केला तरच पक्षपात होतो का?

नाही, आणि हा भाग जास्त अवघड आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेनिंग प्लेसनर यांनी १९९९ मध्ये जिम्नॅस्टिक्सच्या पंचांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. संघाचा सर्वांत चांगला खेळाडू शेवटी उतरवण्याची प्रशिक्षकांची रीत असते. प्लेसनर यांनी एकच सादरीकरण कधी संघाच्या सुरुवातीला, तर कधी शेवटाकडे दाखवलं. शेवटाकडे दाखवल्यावर त्याला जास्त गुण मिळण्याकडे कल दिसला. म्हणजे कसरत तीच होती, फक्त पंचांची अपेक्षा बदलली होती.

हे पंच अप्रामाणिक नव्हते. पण अनेक वर्षं पदकं जिंकणाऱ्या क्लबची जर्सी आणि पहिल्यांदाच विभागीय स्पर्धेला आलेल्या तालुक्याची जर्सी यांच्याकडे माणसाचा डोळा सारखाच पाहील, याची खात्री देता येत नाही. म्हणूनच पंच सज्जन आहेत, एवढ्यावर भागत नाही.

प्रशिक्षकाची भूमिका इथे कुठे येते?

गुण देणाऱ्या खेळात प्रशिक्षकाला कसरतीइतकंच नियमपुस्तकही शिकवावं लागतं. कोणत्या कसरतीला किती काठिण्य, कोणता जोड चालतो, कुठे गुण कापले जातात, हे पाहून संच बांधावा लागतो. नियमपुस्तक बदललं आणि प्रशिक्षकापर्यंत पोचलं नाही, तर मुलानं कितीही घाम गाळला तरी त्याचा संच कागदावर कमी किमतीचाच ठरतो.

दाद मागणं हेही प्रशिक्षकाचंच काम. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या जॉर्डन चाइल्सच्या प्रशिक्षकानं फ्लोअर प्रकारात काठिण्यगुणांवर आक्षेप घेतला. गुण १३.६६६ वरून १३.७६६ झाले आणि ती पाचव्यावरून तिसरी आली. नंतर क्रीडा लवादानं तो आक्षेप एका मिनिटाच्या मुदतीनंतर ४ सेकंद उशिरा आल्याचं ठरवलं. कांस्यपदक रोमानियाच्या आना बार्बोसूकडे गेलं आणि वाद पुढे स्वित्झर्लंडच्या न्यायालयात पोचला.

तिथे आक्षेपाला नियम होता, घड्याळ होतं, नोंद होती. त्यामुळे भांडायला निदान काही आधार होता. आपल्याकडच्या जिल्हा स्पर्धेत खेळाडूसोबत आलेल्या क्रीडाशिक्षकाला आक्षेप कसा नोंदवायचा हे माहीत नसेल, तर त्याचा नियमातला हक्क कागदावरच राहतो.

छोट्या खेळांपुढे आणखी एक पेच असतो. जाणकार माणसं मोजकी. जो काल खेळाडू होता, तोच आज प्रशिक्षक आणि स्पर्धेच्या दिवशी पंच. त्याचे विद्यार्थीही त्याच स्पर्धेत उतरलेले असू शकतात. अशा वेळी त्यानं अगदी रास्त गुण दिले, तरी समोरच्या पालकाचा विश्वास बसत नाही.

नवा कायदा यावर उपाय आहे का?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन विधेयक मंजूर केलं आणि त्याचा कायदा झाला. त्यात राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि क्रीडा वादांसाठी राष्ट्रीय न्यायाधिकरण यांची तरतूद आहे. महासंघांचा कारभार, निवडणुका आणि खेळाडूंचं प्रतिनिधित्व यासाठी हे पाऊल मोठं आहे.

पण मैदानावरच्या गुणांमध्ये न्यायसंस्था सहसा हात घालत नाहीत. नियम मोडला, भ्रष्टाचार झाला किंवा दुष्ट हेतू होता, असं दाखवता आलं तरच दार उघडतं. ८.४० चे ८.५५ का झाले नाहीत, हे दिल्लीतलं न्यायाधिकरण ठरवणार नाही. त्याचं उत्तर स्पर्धेच्या सभागृहातच मिळायला हवं.

मग काय करता येईल?

जागतिक जिम्नॅस्टिक्समध्ये आता सेन्सर आणि संगणकाची मदत घेतली जाते. फुजित्सू कंपनीनं तयार केलेली प्रणाली २०२३ च्या अँटवर्प जागतिक स्पर्धेत सर्व साधनांसाठी वापरली गेली. एवढा खर्च जिल्हा स्पर्धेला झेपणारा नाही. पण फिगर स्केटिंगनं जे धडे महागात घेतले, त्यांतले बरेचसे जवळपास फुकटात अमलात आणता येतात.

पहिला धडा नोंदीचा. प्रत्येक पंचानं दिलेला गुण, काठिण्य आणि सफाई वेगवेगळी दाखवून, त्याच्या नावासह निकालपत्रकात छापावा आणि ते पत्रक सर्वांना पाहता यावं. फक्त अंतिम बेरीज लावून भागत नाही.

दुसरा धडा हितसंबंधांचा. पंच कोणत्या क्लबशी किंवा शाळेशी जोडलेला आहे, हे स्पर्धेआधी जाहीर व्हावं. त्याचे विद्यार्थी ज्या गटात आहेत, त्या गटासाठी शेजारच्या जिल्ह्यातला पंच बोलावता येतो.

तिसरा धडा व्हिडिओचा. तिपाईवर लावलेला एक मोबाइल प्रत्येक संच टिपू शकतो. कसरत पूर्ण झाली की नाही, एवढ्या मुद्द्यावर तरी ठरलेल्या मुदतीत आक्षेप घेता यावा. कुस्तीतही याची गरज दिसली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्या लढतीत खांदे टेकले की नाही, यावरून झालेला गदारोळ राज्यानं पाहिला.

चौथा धडा प्रशिक्षणाचा. नियमपुस्तक बदललं की पंचांचं शिबिर होतं, तसं ते तालुक्यातल्या क्रीडाशिक्षकांपर्यंतही गेलं पाहिजे, आणि तेही मराठीत. पंच आणि प्रशिक्षक एकच पुस्तक वाचत असतील, तर निम्मे वाद उभेच राहणार नाहीत.

इतकं करूनही पंचांचा डोळा माणसाचाच राहील आणि चुका होतील. फिगर स्केटिंगमध्येही वाद संपलेले नाहीत. फरक एवढाच की तिथे आता कोणत्या उडीला, कुणी, किती गुण दिले, यावर बोट ठेवून वाद घालता येतो. संग्रामपूरहून शेगाव, खामगाव ओलांडून स्पर्धेला येणाऱ्या खेळाडूला पदकाची हमी कुणीच देऊ शकत नाही. पण आपले गुण नेमके कुठे कापले गेले, हे कळलं तर पुढच्या वर्षी काय सुधारायचं तेही कळतं. आज अनेकदा तेवढंही हाती न लागता परतावं लागतं.