जुना खेळ, नवा उजाळा

अमेरिकेतील लुकासआर्ट्स या संस्थेने १९९३ साली ‘डे ऑफ द टेंटॅकल’ हा संगणकीय खेळ प्रसिद्ध केला. त्यात बंदूक नव्हती, घाई नव्हती. पडद्यावरील वस्तूवर माऊसचा बाण न्यावा, क्लिक करावे आणि विचार करावा, एवढेच. तिघे मित्र तीन काळांत अडकलेले. एक दोनशे वर्षे मागे, एक वर्तमानात, एक दोनशे वर्षे पुढे. भूतकाळातील झाड तोडले की भविष्यात त्याच झाडावर अडकलेली मैत्रीण मोकळी होई. चूक झाली तरी खेळ संपत नसे.

पुढे संगणक बदलले आणि असे खेळ नव्या यंत्रांवर सहजी चालेनासे झाले. २०१३ साली डिस्नेने लुकासआर्ट्समधील खेळनिर्मितीही थांबवली. अखेर मूळ रचनाकारांपैकी टिम शेफर यांच्या डबल फाइन संस्थेने २०१६ मध्ये हा खेळ रेखीव चित्रांसह पुन्हा आणला. एक कळ दाबताच त्यात जुने चौकटीदार चित्रही दिसते. नव्याने जुन्याला पुसलेले नाही.

त्या काळी शाळेत असलेली मुले आज स्वतः आईवडील आहेत. १९९२ च्या ‘इंडियाना जोन्स अँड द फेट ऑफ अटलांटिस’लाही असाच उजाळा मिळावा आणि तो मुलांसह खेळता यावा, अशी अनेकांची आस आहे. पेढीच्या जुन्या वह्या जपणाऱ्या घरांना ही आस परकी वाटू नये. जे जपले जाते, तेच पुढच्या पिढीच्या हाती देता येते.